जादा पाण्याची वाट : नळदुर्गचा पाणीमहाल, औरंगाबादची पाणचक्की आणि सास्तूरची माळवदे

दक्षिणेतील मध्ययुगीन जलव्यवस्थेविषयी आजवर झालेल्या लेखनात पाणी कोठून आणले, किती अंतरावरून आणले, कोणी आणले आणि त्यासाठी काय खर्च पडला, या प्रश्नांचा ऊहापोह विपुल आढळतो. आणलेले पाणी गरजेहून अधिक झाले म्हणजे ते कोणत्या वाटेने काढून देत, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. शिलालेख बांधणाऱ्याचे नाव व सन सांगतो, तवारीखकार हौदाची व कारंज्यांची शोभा वर्णितो. सांडवा, मोरी आणि पन्हळ यांचा उल्लेख करण्याचे कोणास कारण पडत नाही. परंतु पाण्याच्या पोटात, पाण्याखाली किंवा पाण्याला लागून माणसाने वावरण्याची जागा बांधावयाची असेल, तर तिची सारी मदार या अनुल्लेखित अवयवांवरच असते. मराठवाड्यात अशा जागांची दोन ठळक उदाहरणे आहेत. एक नळदुर्गच्या बंधाऱ्यातील पाणीमहाल व दुसरे औरंगाबादची, म्हणजे इ.स. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहराची, पाणचक्की. तिसरे उदाहरण दरबारी नाही. नळदुर्ग ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील सास्तूर या गावच्या साध्या घरांचे ते आहे, आणि पहिल्या दोहोंचा अर्थ त्याच्या शेजारी ठेवल्यावाचून पुरता ध्यानी येत नाही.

हा प्रश्न मुळात खाणींच्या इतिहासातला. जमिनीखाली जेथे धातुकाचे दगड फोडून धुतले जातात तेथे पाणी एकाच वेळी चाकर आणि शत्रू असते. धुण्यास ते हवे, आणि भिंतींतून पाझरून तळाशी साचणारे तेच पाणी काम बंद पाडते. रोमन काळात स्पेनमधील रिओ तिंतो येथील खाणींत एकावर एक अशी लाकडी चक्रे बसवून पाणी उपसले जात असे, आणि इ.स. १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲग्रिकोलाच्या खनिजविद्येवरील ग्रंथात पाणी उपसण्याच्या यंत्रांनी बरीच जागा व्यापली आहे. निजामाच्या राज्यात रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथे सोन्याच्या प्राचीन खाणी सुमारे ६४० फुटांपर्यंत खोल गेल्या होत्या. एवढ्या खोलीवर पाण्याची सोय लावल्याखेरीज एक दिवसही काम चालणे शक्य नव्हते. सास्तूरचा प्रदेशही त्याच राज्यात होता, परंतु येथे तसे काही घडण्याचा संभव नव्हता. इ.स. १९९३ च्या भूकंपानंतर जवळच्या किल्लारी येथे जे खोल वेधन घेतले त्यात काळ्या अग्निजन्य खडकाचे, म्हणजे बेसाल्टचे, थर सुमारे ३३८ मीटर जाडीचे निघाले आणि त्याखाली प्राचीन स्फटिकी खडक लागला. हट्टीस ज्या युगातील खडक उघड्यावर आहेत ते येथे या काळ्या झाकणाखाली दडलेले आहेत. तेव्हा या भागात धातुगिरणी नाही; पण जो काळा दगड तिच्या आड आला त्याच दगडात, भूगर्भातील गिरणीपुढे असतो तोच प्रश्न बंधारा व चक्की बांधणाऱ्या कारागिरांना सोडवावा लागला.

नळदुर्ग आज तुळजापूर तालुक्यात मोडतो. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सबंध जिल्ह्याचेच नाव नळदुर्ग असे होते. सास्तूरचे लोक त्या काळी नळदुर्ग जिल्ह्याचेच रहिवासी. पाण्याच्या दृष्टीने मात्र दोन्ही ठिकाणे बालाघाटाच्या दोन उतारांवर आहेत. सास्तूरकडचे पाणी तेरणेतून मांजरेस व पुढे गोदावरीस मिळते. नळदुर्गची बोरी अक्कलकोटच्या बाजूने भीमेकडे जाते. या बोरीने खडक कापून केलेल्या खोलगट पात्राच्या एका बाजूस मुख्य किल्ला व दुसऱ्या बाजूस रणमंडळ नावाचा छोटा कोट आहे. दुसरा इब्राहिम आदिलशहा (राज्यकाल १५८०–१६२७) याच्या कारकीर्दीत, इ.स. १६१३ मध्ये, या दोहोंना जोडणारा दगडी बंधारा झाला आणि त्याच्या पोटात पाणीमहालाची दालने बसविण्यात आली.

बंधाऱ्याचा हेतू दुहेरी होता. शिबंदीस बारमाही पाणी मिळाले, आणि अडलेल्या पाण्याने किल्ल्याच्या त्या अंगास रुंद खंदकाचे काम केले. एवढ्यासाठी भक्कम भिंत पुरेशी होती; महालाची गरज नव्हती. महाल हा राजविलास. परंतु त्या विलासाने कारागिरांवर एक कठीण अट लादली. बंधाऱ्याच्या माथ्यावरून पायऱ्या उतरून आत गेले म्हणजे दालने लागतात आणि त्यांच्या खिडक्या नदीच्या खालच्या अंगास उघडतात. पुराच्या दिवसांत पाणी बंधारा ओलांडून खिडक्यांसमोर कोसळते, आत बसणारास समोर पाण्याचा पडदा दिसतो, आणि दालन कोरडे राहते. ‘थेंबही आत येत नाही’ हे वाक्य नळदुर्गवरील प्रत्येक लेखात येते आणि बहुधा तेथेच विवेचन संपते. आश्चर्य व्यक्त करणे सोपे. ते कशाने साधले हे पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की पुराचे पाणी बंधाऱ्याच्या सबंध माथ्यावरून वाटेल तसे जाऊ दिलेले नाही. त्यास ठरावीक सांडवे आहेत, आणि त्यांतून पडणाऱ्या दोन धारांना लोक ‘नर’ व ‘मादी’ म्हणतात. पाणी सर्वत्र पसरून वाहिले असते तर बंधाऱ्याचा पायथा ठिकठिकाणी खणला गेला असता, आणि महालाच्या छतावर कोठे किती ओझे येईल याचा काही नेमच उरला नसता. दोन वाटा नेमून दिल्याने आघात कोठे बसणार हे आधीच निश्चित झाले, व तो झेलण्यास खाली नदीतळाचा मूळ कातळ होता. दुसरी गोष्ट पाण्याच्या पडण्याच्या रीतीची आहे. माथ्यावरून वेगाने सुटलेले पाणी सरळ भिंतीला चिकटून उतरत नाही, ते कमान घेऊन थोडे पुढे पडते. मात्र भिंत व धार यांच्यामधल्या पोकळीत बाहेरून हवा येत राहिली पाहिजे. ती कोंडली की पडणारे पाणी तेथील हवा ओढून नेते, पोकळीतील दाब घटतो आणि धार भिंतीकडे खेचली जाते. नळदुर्गच्या कारागिरांना हे तत्त्व अशा शब्दांत ठाऊक होते असे म्हणण्यास आधार नाही. परंतु दालने खालच्या अंगास उघडी ठेवण्याने हवेची ये-जा राहिली, एवढे खरे. ती सर्व बाजूंनी बंद केली असती तर अधिक सुरक्षित झाली असती, असे वरवर पाहणारास वाटेल. वस्तुतः उलटे झाले असते.

तिसरी गोष्ट पाझराची. दहा मीटर खोल पाण्याचा दाब दर चौरस मीटरवर सुमारे दहा टन पडतो. कितीही घडीव दगड आणि घाणीवर मळलेला चुना वापरला तरी एवढ्या दाबाखाली चुन्याचे बांधकाम संपूर्ण कोरडे राहत नाही. येथे उपाय असतो तो भिंतीच्या जाडीचा, कारण जाडी वाढली की पाझराची वाट लांबते व पाणी थकून येते. आणि जे येईल ते साचू न देता उतारावरून बाहेर सोडावयाचे असते. खालच्या अंगास उघडणारे दालन या कामासही सोयीचे. कोंडलेल्या तळघरात साचलेला ओलावा उघड्या सज्जात वाळून जातो.

आदिलशाहीच्या राजधानीतील जलव्यवस्थेशी हे सर्व ताडून पाहिले असता एक समान वृत्ती दिसते. विजापुरात बाहेरून नळाने आणलेले पाणी शहरात वाटण्यापूर्वी ‘गंज’ नावाच्या दगडी मनोऱ्यांत चढवीत. त्यायोगे दाब मोडत असे आणि गाळ खाली बसत असे. नळाची ताकद वाढवीत राहण्यापेक्षा वाटेत ठिकठिकाणी दाबास मोकळीक द्यावी, ही ती वृत्ती होय.

औरंगाबादच्या पाणचक्कीत ही वृत्ती निराळ्या रूपात भेटते. बेगमपुऱ्यालगत, महमूद दरवाजापाशी, खाम नदीच्या काठी बाबा शहा मुसाफिर या नक्शबंदी सूफी साधूचा दर्गा आहे. हे मूळचे बुखाऱ्याकडील. बाबा पलंगपोश यांचे शिष्य. दख्खनच्या मोगल सैन्यातील तुराणी सरदार व शिपाई यांची या दोघांवर मोठी भक्ती होती. तकियाच्या आवारात मशीद, धर्मशाळा, कारंजी, मोठा हौद आणि पाण्यावर चालणारी चक्की आहे. चक्कीत फकिरांसाठी धान्य दळले जात असे.

तिच्या कालाविषयी एकमत नाही. कोणी इ.स. १६९५ देतात, कोणी १७४४, आणि बांधणारा म्हणून तुर्कताजखानाचे नाव येते. हा सरदार निजामउल्मुल्क आसफजहाच्या पदरी होता असेही सांगतात. आसफजहाचा दख्खनवर स्वतंत्र अंमल इ.स. १७२४ पासून, तेव्हा आजच्या स्वरूपातील काम सतराव्या शतकातील मानणे अवघड जाते. लांबट हौद व कारंजी ही जमीलबेगखानाने मागाहून घातलेली भर, अशीही नोंद आहे. या नोंदींतला विरोध दूर करण्याच्या खटपटीपेक्षा त्यांतून काम टप्प्याटप्प्याने झाल्याचे जे सूचित होते ते अधिक मोलाचे. आधी नळ व चक्की, मग हौद, असा क्रम धरला तर हौदाचा उगम शोभेत न शोधता चक्कीवरून पडून जाणाऱ्या पाण्यात शोधावा लागतो. चक्की फिरवून झालेले पाणी कोठेतरी गेलेच पाहिजे. त्याला जागा दिली, आणि मग त्या जागेला सौंदर्य दिले.

पाणी येते ते शहराच्या उत्तरेकडील हर्सूलच्या बाजूच्या डोंगराळ भागातून, काही मैलांवरून, जमिनीखालून खापरी नळांनी. या नगरास अशी भूमिगत व्यवस्था नवी नव्हती. मलिक अंबरने खडकी वसविल्यावर सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नहर-ए-अंबरी काढली होती. मातीचे नळ चुन्याच्या बांधकामात बसवून नेले म्हणजे उंचसखल जमिनीतूनही पाणी उगमाच्या पातळीच्या जवळपास पुन्हा चढते. पाणचक्कीशी ते एका उंच बांधीव भिंतीत चढविले आहे. तेथून पडणाऱ्या धारेने लोखंडी पात्यांचे चाक फिरते व चाकाच्या आसाबरोबर जात्याचा वरचा दगड. अशा नळाचे दोन दोष. उंचवट्यांवर हवा अडकून प्रवाह थांबतो, आणि सखल भागात दाब वाढून सांधा फुटतो. दोहोंस औषध एकच, वाटेवर उघडी तोंडे ठेवणे. पेशव्यांच्या काळी कात्रजहून पुण्यास आणलेल्या नळाच्या बांधकामात अशा तोंडांस ‘उच्छ्वास’ म्हणत. नळानेही श्वास सोडावा, ही कल्पना ज्याने शब्दात बांधली त्याला पाण्याची नाडी कळली होती.

आता हौद. त्याची लांबी सुमारे १६४ फूट व रुंदी ३१ फूट सांगतात. त्याचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. दुहेरी ओळीतील जाड खांबांवर ते उभे असून उन्हाळ्यात दालन थंड राहते. प्रवासी या थंडाव्याचे कौतुक करतो. हिशेब मात्र करून पाहावा. वरील मापे धरली तर हौदाचे क्षेत्रफळ पाच हजार चौरस फुटांवर जाते, आणि पाण्याचा दर एक फूट थर सुमारे १४० टन वजनाचा होतो. दालनात बसलेल्या माणसांच्या डोक्यावर हौदातील पाणी एक फूट वाढले की १४० टन वाढले. नळाचे पाणी रात्रंदिवस येत असते, त्याला तोटी नाही. तेव्हा हौद कोणत्या पातळीस थांबणार हे ठरविणारा सांडवा येथे सोयीचा भाग नसून इमारतीचा खरा आधार आहे. खांबांचे बळ त्या पातळीपुरतेच मोजलेले. जादा पाणी शेजारच्या खामेत सोडलेले आहे. नदीच्या काठावर, तिच्या पात्राहून उंच अशी जागा निवडण्यात दर्ग्याच्या निवांतपणाबरोबर हाही विचार असला पाहिजे.

सांडवा एकदा बांधून मोकळे होता येत नाही, कारण तोंडाशी पाला, शेवाळ, गाळ साचतो. नळाचेही तसेच, झाडांची मुळे सांध्यांतून शिरतात, चुनखडीचा लेप आतून वाढतो. म्हणून अशा वास्तूचा इतिहास हा तिच्या साफसफाईचा इतिहास असतो, आणि साफसफाईमागे कोणाचे तरी नियमित उत्पन्न असावे लागते. नळदुर्गात ते किल्ल्याच्या शिबंदीबरोबर जोडलेले होते. किल्ल्याचे लष्करी महत्त्व गेल्यावर ते आटले. बंधारा टिकला तो त्याच्या जाडीमुळे व नेमलेल्या वाटांमुळे. पुढे वरच्या बाजूस आधुनिक बोरी धरण झाले, आणि आता ते भरून वाहू लागले म्हणजेच नर-मादी दिसतात. पाणचक्कीच्या मागे तकियाची इनामे व भक्तांचे दान होते, आणि चक्कीचे पीठ रोज लागत असल्याने नळ बंद पडल्याची वर्दी त्याच दिवशी लागत असे. ही देखरेख कोणत्याही सनदेने साधली नसती. आज राज्याच्या वक्फ मंडळाचे कार्यालय याच आवारात आहे. पण शहर वाढत गेले तशी जुन्या नळांच्या वाटेवर घरे व रस्ते आले, तोंडे बुजली, आणि प्रवाह क्षीण होत गेला. जमिनीखालच्या नळाचे हे दुर्दैवच म्हणावे लागेल की तो जितका उत्तम चालतो तितका विस्मरणात जातो.

या दोन वास्तूंपासून सास्तूरकडे वळणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. तेथे ना बंधारा ना चक्की. लोहारा तालुक्यातील हे मोठे गाव. दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास झालेल्या भूकंपात किल्लारीबरोबर ज्या गावांचा सर्वाधिक विध्वंस झाला त्यांत सास्तूर होते. सबंध भागात सुमारे १० हजार माणसे मृत्यू पावली. बहुतेक जण आपल्याच घरांखाली गाडले गेले, आणि ती घरे इतकी घातक का ठरली याच्या उत्तरात पाण्याचा भाग मोठा आहे.

मराठवाड्यातील जुने घर खणांच्या हिशेबाने बांधीत. लाकडी खांब-तुळया, त्यांवर फळ्या, आणि वर मातीचे सपाट माळवद. भिंती दोन-तीन फुटांहूनही जाड, काळ्या दगडाच्या. पण दगड गोलसर, आणि सांधा चिखलाचा. भिंतीचा आतील व बाहेरील पदर स्वतंत्र रचून मध्ये बारीक दगड भरीत. दोन्ही पदरांस बांधणारे आरपार दगड क्वचितच घालीत. उन्हास ही रचना फार चांगली, माळवदाखाली जेठातही गारवा असतो. अडचण पावसाची. माळवद गळू लागले की पावसाळ्याआधी त्यावर नवी माती चढवावयाची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती. पाणी बाहेर काढण्यास पन्हळे असत. परंतु उतार मोडला, खळगे पडले, की पन्हळापर्यंत पाणी पोचत नाही आणि गळती पुन्हा सुरू होते. मग आणखी माती. अशा रीतीने माळवदाचा थर काही ठिकाणी दोन फुटांच्याही वर गेला होता.

पाणचक्कीच्या हौदास लावलेला हिशेब येथेही लावता येतो. दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब अशा एका खोलीवर एक फूट माती म्हणजे सुमारे सहा ते सात टन. सप्टेंबरअखेरची भिजलेली माती त्याहून जड. हौदाच्या ओझ्यास सांडव्याने मर्यादा घातली होती. माळवदाच्या ओझ्यास मर्यादा घालणारे काही नव्हते, प्रत्येक गळती त्यात भरच घालीत होती. पाणी थोपविण्यासाठी वजन वाढविले गेले, आणि ते ज्या भिंतींवर वाढविले त्या उभ्या भार सोसणाऱ्या पण आडवा धक्का न सोसणाऱ्या होत्या. जेथे माळवद लाकडी खांबांवर पेललेले होते तेथे काही घरांत भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिल्याचे आढळले.

यावरून नळदुर्गच्या कारागिरास शहाणे व सास्तूरच्या गवंड्यास अडाणी ठरविणे अन्यायाचे होईल. चुना महाग होता, घडीव दगड महाग होता. चिखल व माती फुकट होती. शिवाय चारशे वर्षे उभा असलेला बंधारा आणि काही सेकंदांत पडलेली घरे यांची तुलना सरळ नाही, कारण नळदुर्ग भूकंपाच्या केंद्रापासून बराच दूर आहे व दोन्ही ठिकाणी जमिनीचा हादरा सारखा नव्हता. तुलना होऊ शकते ती एवढीच, की अडवलेल्या किंवा आकाशातून पडणाऱ्या पाण्याचे जास्तीचे माप कोण ठरवितो आणि ते कोठे पाठवितो. राजाच्या बंधाऱ्यात व साधूच्या हौदात ते आधी ठरलेले होते. रयतेच्या घरात ते दरसाल मृगाच्या आधी, टोपलीने, घरच्या बायामाणसांच्या डोक्यावरून चढत होते.

भूकंपानंतर इ.स. १९९४ पासून महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा जो कार्यक्रम हाती घेतला त्यात अतिशय हानी झालेली पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसविण्यात आली, सास्तूर त्यांतलेच. कमी नुकसान झालेल्या गावांतील घरे जागच्या जागी मजबूत करावयाची होती. त्यांसाठी तज्ज्ञांनी सांगितलेले उपाय असे, की माळवदावरील साचलेली माती उतरवून पातळ थर ठेवावा, त्यात पाणी झिरपू न देणारे आच्छादन घालावे, आणि भिंतीच्या दोन्ही पदरांना बांधणारे आरपार जोड ठिकठिकाणी बसवावेत.